स्ट्रॉन्शियम टायटनेट सबस्ट्रेट

स्ट्रॉन्शियम, टायटॅनियम आणि ऑक्सिजन यांचे पेरोव्हस्काइट रचनेचे संयुग. यातले टायटॅनियम शाहूवाडीच्या सड्यांवरील जांभ्यात ऑक्साइडच्या रूपात असते. हे संयुग मात्र निसर्गात अतिशय विरळ असून त्याचे खनिज, टॉसोनाइट, सायबेरियात सापडले. प्रयोगशाळेला लागणारे स्फटिक भुकटी ज्योतीत वितळवून, म्हणजे व्हर्नॉय पद्धतीने, वाढवतात. वितळबिंदू सुमारे २०८० अंश सेल्सिअस. १९५०च्या दशकात ते ‘फॅब्युलाइट’ नावाने हिऱ्याऐवजी विकले जाऊ लागले. अपवर्तनांक (२.४१) हिऱ्याइतकाच, रंग फाकणे चौपटीहून अधिक, पण स्फटिक मऊ, त्यामुळे पैलूंवर लवकर ओरखडे पडत.

त्याचे खरे मोल संशोधनात कळले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतींनी थिन फिल्म बनवण्याची मोठी परंपरा आहे. काचेवर बसवलेल्या अशा फिल्ममधील कण वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. स्ट्रॉन्शियम टायटनेटच्या एकस्फटिकावर तसे होत नाही: खालच्या थरातील विटांनी वरच्या थराची मांडणी ठरवावी, तसे त्याचे अणू वरच्या अणूंना जागा नेमून देतात. त्याचा जालक स्थिरांक ३.९०५ अँगस्ट्रॉम आहे आणि यिट्रियम-बेरियम-तांबे ऑक्साइड या अतिसंवाहकाचा त्याच्या जवळपास. म्हणून १९८७ मध्ये तो अतिसंवाहक सापडल्यानंतर या स्फटिकाच्या आधारपट्ट्यांची, म्हणजे सबस्ट्रेटची, मागणी जगभर वाढली. पुण्यात सतीशचंद्र ओगले यांनी लेसरच्या स्पंदांनी ऑक्साइडचे थर बसवण्याच्या तंत्रावर दीर्घकाळ काम केले. ऑक्साइड इलेक्ट्रॉनिक्सवरील त्यांनी संपादित केलेला ग्रंथ २००५ मध्ये निघाला.

पट्टी साधारणतः ५ किंवा १० मिलिमीटर चौरस आणि अर्धा ते एक मिलिमीटर जाड असते. पृष्ठभाग अणूच्या पातळीवर सपाट हवा. १९९४ मध्ये जपानी संशोधकांनी हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या बफर द्रावणाने केवळ टायटॅनियम-ऑक्सिजनचा थर वर ठेवण्याची रीत दिली, आणि एकेक अणुथर मोजून रचणे शक्य झाले.

शुद्ध स्फटिक रंगहीन विद्युतरोधक आहे. निओबियम मिसळल्यास तो वाहक बनतो. निर्वातात तापवून ऑक्सिजन काढल्यास निळा-काळा पडतो. १९६४ मध्ये अशा स्फटिकात अतिशय कमी तापमानाला अतिसंवाहकता आढळली. १०५ केल्व्हिनखाली त्याची घनाकृती रचना किंचित ताणली जाते. डायइलेक्ट्रिक स्थिरांक खोलीच्या तापमानाला सुमारे ३००, तर निरपेक्ष शून्याजवळ १० हजारांहून अधिक.

हा स्फटिक मुका आधार नाही, हे २००४ मध्ये ठळकपणे दिसले. ओटोमो आणि ह्वांग यांनी त्यावर लँथॅनम ॲल्युमिनेटचा थर बसवला. दोन्ही पदार्थ विद्युतरोधक, तरी त्यांच्या सांध्यात वीज वाहिली. २००७ मध्ये तोच सांधा अतिसंवाहकही ठरला. २०१२ मध्ये चीनमध्ये लोह सेलेनाइडचा एकच थर यावर बसवला, तेव्हा अतिसंवाहकतेच्या खुणा मूळ पदार्थाच्या ८ केल्व्हिनपेक्षा कितीतरी वरच्या तापमानाला दिसल्या.

मात्र प्रचंड डायइलेक्ट्रिक स्थिरांकामुळे मायक्रोवेव्ह उपकरणांना तो चालत नाही. तिथे लँथॅनम ॲल्युमिनेट किंवा मॅग्नेशियम ऑक्साइडच्या पट्ट्या वापरतात.