शेवाळलेल्या तळ्याचे चोवीस तास

हा घटनाक्रम कुठल्या एका तारखेचा नाही. तेल्हाऱ्यासारख्या वऱ्हाडी गावात काळ्या, भारी जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. रस्त्यांचं आणि गल्ल्यांचं पावसाचं पाणी सखल जागी साचतं आणि तिथं तळं होतं. मृग लागताना अशा तळ्यात काय घडू शकतं, ते इथे तासातासानं मांडलं आहे. वेळ थोडी मागेपुढे होईल, क्रम मात्र हाच राहील.

सकाळी ६ (मासे तरंगण्याच्या चोवीस तास आधी)

पाणी पोपटी हिरवं झालेलं आहे. वारा ज्या काठाला लागतो, तिथं शेवाळाची जाड साय जमली आहे. पाऊस थांबून आठ महिने झाले, तरी तळं आटलेलं नाही, कारण नालीचं पाणी त्यात रोज पडतंय. त्यातून साबण येतो, संडासाच्या टाक्यांचं ओसंडलेलं पाणी येतं, गोठ्याचं धुवण येतं. या सगळ्यात स्फुरद आणि नत्र असतं. शेतात आपण ते पैसे मोजून टाकतो, इथे ते फुकट वाहून येतं. एक किलो स्फुरदावर पाचशे किलोपर्यंत ओलं शेवाळ पोसलं जाऊ शकतं. शिवाय तळाच्या गाळात मागच्या कित्येक वर्षांची शिल्लक पडून आहेच. आजची तारीख खरं तर त्या नालीचं तोंड तळ्याकडे वळवलं गेलं तेव्हाच ठरली.

सकाळी १०

वासाच्या तक्रारी वाढल्या की कुणीतरी मोरचूद टाकायचं सुचवतं. बोर्डो मिश्रणामुळे शेतकऱ्याला ते ओळखीचं आहे, बाजारात सहज मिळतं, आणि त्यानं शेवाळ मरतं हेही खरंच. पण शेवाळाचं मरणं हीच इथली आपत्ती आहे. सगळं एकदम मेलं की एकदम कुजतं, आणि ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पेशीत विष असेल तर पेशी फुटून ते पाण्यात उतरतं. तांबं कुठेच जात नाही, गाळात साठत राहतं. वापरायचंच तर शेवाळ थोडं असताना, जाणकाराच्या देखरेखीखाली, तळ्याच्या एकेका भागात वापरावं. तळं गच्च हिरवं असताना जूनच्या उकाड्यात पोतं रिकामं करणं म्हणजे माशांचा बळी देणं आहे.

आपण धरून चालू की आज कुणी पोतं आणलं नाही. तरीही पुढचं टळत नाही.

दुपारी २

या वेळी मोजणी केली तर तळं ठणठणीत वाटेल. उन्हात शेवाळ इतका प्राणवायू सोडतं की पाण्यात मावेल त्याहून जास्त होतो. सामू नऊच्याही वर जातो. पण हे सगळं वरच्या थरापुरतं आहे. हिरव्या सायीमुळे ऊन खाली पोचत नाही. वर गरम पाणी, खाली थंड आणि काळोखी, आणि त्या खालच्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ शून्य. नमुना दुपारी घेऊन ‘पाणी चांगलं’ असा शेरा मारणारा अहवाल माझ्या मते निरुपयोगी आहे. शेवाळलेल्या तळ्याचं पाणी सूर्य उगवण्याआधी मोजायचं असतं.

संध्याकाळी ५

सातपुड्याकडून ढग येतात. वादळी वारा सुटतो आणि अर्धा तास जोराची सर पडते. गाव सुखावतं.

पहिल्या सरीबरोबर उन्हाळाभर साठलेली रस्त्यावरची घाण, शेण, नालीतला काळा राडा तळ्यात येतो. पावसाचं थंड पाणी जड असतं, ते खाली जातं आणि तळाचं पाणी वर ढवळून येतं. सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. दुपारभर जमलेला प्राणवायू या राड्यातच खर्ची पडू लागतो.

संध्याकाळी ७

सूर्य मावळला. आता शेवाळ प्राणवायू देत नाही, माशांसारखंच तेही घेतं. तीस अंशाच्या पाण्यात हवेतून विरघळून लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, आणि तो वापरणारे आता तिघे आहेत: मासे, शेवाळ आणि गाळातले जिवाणू.

रात्री ११

मोजमाप लिटरला तीन मिलिग्रॅमच्या आसपास. मासे अस्वस्थ आहेत, पण काठावर पाहणारा कुणी नाही. डिझेल इंजिन लावून पाणी उचलावं आणि तुषार संचातून परत तळ्यातच पाडावं, तर एका कोपऱ्यात तरी श्वास घेण्याजोगं पाणी राहील. तेल्हारा तालुक्यात अशी इंजिनं आणि तुषार संच घरोघरी सापडतील. पुढच्या तीन-चार तासांत एवढंच करता येण्यासारखं उरलं आहे.

पहाटे ३

कटला आणि रोहू तोंड वासून पाण्याच्या वर येतात. मोठे मासे आधी कोसळतात. मरळ आणि मागूर थेट हवेतून श्वास घेऊ शकतात, म्हणून ते तग धरतात. उजाडल्यावर ‘तळ्यात कुणी विष टाकलं’ अशी बोंब उठते आणि संशय माणसांवर जातो. मरण पहाटेचं असेल, मोठे मासे आधी गेले असतील आणि मरळ जिवंत असेल, तर विषाआधी प्राणवायूचा विचार करावा.

पहाटे ५.३०

एक मिलिग्रॅमच्या खाली. काही मासे तरंगतायत, पुष्कळ तळाशी गेले आहेत. ते फुगून दुपारनंतर वर येतील.

सकाळी ८

गुराखी गुरं पाण्यावर आणतो. मेलेल्या माशांपेक्षा मला या तासाची जास्त भीती वाटते. ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवरावर असंच हिरवं पाणी पिऊन गुरं मेल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी 1878 मध्येच केली होती. 2 ऑगस्ट 2014 रोजी अमेरिकेतल्या टोलेडो शहरात चार लाखांवर लोकांना नळाचं पाणी न पिण्याचा इशारा पहाटे द्यावा लागला. कारण ईरी सरोवरातल्या शेवाळाचं विष. उकळल्यानं ते जात नाही, पाणी आटून उलट दाट होतं. म्हणून गुरं आणि पोरं, दोघांनाही त्या काठापासून लांब ठेवा.

कोल्हापूरच्या रंकाळ्यानं सांडपाण्यामुळे हिरवं पडलेलं पाणी पाहिलं आहे. मुंबईच्या बाणगंगेत पितृपक्षानंतर मेलेल्या माशांचा खच लागल्याच्या बातम्या येत असतात. तिथेही प्रश्न पाण्यात पडणाऱ्या अन्नाचाच आहे. अकोल्यात जानेवारी 2018 मध्ये हजारो लोक मोर्णा नदीत उतरले आणि त्यांनी हातांनी जलकुंभी काढली. ते श्रम मोलाचेच होते. पण सांडपाणी येत राहिलं तर काढलेली जलकुंभी परत येते, आणि शेवाळही.

तेल्हारा तालुक्याचा काही भाग खारपाणपट्ट्यात येतो. जमिनीतलं पाणी खारं, गोड्या पाण्यासाठी वारीच्या वान प्रकल्पाकडे पाहायचं. अशा ठिकाणी पावसाच्या साचलेल्या गोड्या पाण्यात नालीचं पाणी मिसळू देणं परवडणारं नाही. उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाका, नालीचं पाणी वेगळं वळवा, मगच तळ्याच्या शेवाळाचं बोला. नगरपरिषदेकडे मोरचूद मागू नका, नालीचं तोंड बंद करायची मागणी करा, आणि ती मृगाच्या आधी करा.