नमुना चारचा अर्ज

रोजगार हमी म्हटलं की आधी १९७२चा दुष्काळ आठवतो, आणि ते साहजिकच आहे. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. रस्त्याकडेला खडीचे ढीग, ब्रासवर होणारं मोजमाप, झाडाला बांधलेल्या झोळीत निजलेलं पोर आणि दुपारची सुकडी हे चित्र एका पिढीच्या मनावर कोरलं गेलं. पण दुष्काळात खडी फोडून घ्यायला इंग्रजांनाही येत होतं. रोजगार हमीनं बदललं ते दुसरंच: काम कधी निघायचं, हे ठरवणारा माणूस.

त्याआधी ते सरकार ठरवी, आणि स्वतःच्या सोयीनं ठरवी. १८७७च्या दुष्काळात इंग्रज अधिकारी सर रिचर्ड टेंपलनं मजुरी रोजी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे इतकी खाली आणली, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूनं उभी राहिली. पुढे दुष्काळ संहिता झाल्या, उपासमारीला थोडा पायबंद बसला. तरी मजूर याचकच राहिला. स्वातंत्र्यानंतरही पिकाची पैसेवारी ठरावीक मर्यादेच्या खाली गेल्याशिवाय टंचाई जाहीर होत नसे. भूमिहीनाला पैसेवारीशी काय देणंघेणं? पीक सोळा आणे आलं तरी सुगी सरल्यावर चैत्र-वैशाखात त्याचे हात रिकामेच. त्याचा दुष्काळ दरवर्षी येतो, फक्त तो जाहीर होत नाही.

विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी नेमकं हेच हेरलं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तासगाव तालुक्यात विसापूरला प्रयोग झाला. १९७७मध्ये विधिमंडळानं कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. गावात नाव नोंदवायचं, नमुना चारमध्ये काम मागायचं, पोच घ्यायची. पंधरा दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता. पैशाची तजवीजही तितकीच हुशारीची होती. १९७५पासून शहरातल्या नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला आणि जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम राज्यानं आपल्या पदरची घालायची ठरली. त्यामुळे प्रत्येक हंगामात अर्थखात्यापुढे हात पसरायची पाळी टळली.

आक्षेप खोटे नव्हते. मस्टरवर बोगस नावं चढली, रस्ते अर्धवट राहिले, पाझर तलावांचं पाणी बागायतदारांच्या विहिरींत उतरलं. पण दुष्काळी कामांच्या मस्टरवरही बोगस नावं असतच. हमीच्या कामावर ती पकडायला निदान हक्कानं भांडणारा मजूर होता, आणि तालुक्याच्या कचेरीवर मोर्चे नेणाऱ्या संघटना याच कायद्याच्या आधारावर उभ्या राहिल्या. बागायतदारांचा फायदा झाला हेही खरं. पण त्यांचा विरोध बोथट झाल्याशिवाय असा कायदा विधिमंडळातून पार पडला असता, असं मानणं भोळेपणाचं ठरेल. जास्त झोंबणारा आक्षेप वेगळाच आहे. भत्ता ठरला रोजी एक रुपया, आणि तोही फारसा कुणाच्या हाती पडला नाही. शिवाय नवं काम काढायला ५० मजूर जमावे लागत, म्हणजे वाडीवस्तीवरच्या दहा-बारा बायकांनी अर्ज केला तर त्यांना लांबच्या कामाची वाट धरावी लागे. हक्क कागदावर पक्का होता. पण तो मोडणाऱ्या कचेरीला त्याची झळ बसत नव्हती. माझ्या मते योजनेची खरी उणीव ही, मस्टरमधली चोरी त्यानंतर.

२००५मध्ये केंद्रानं ही कल्पना उचलली, तेव्हा कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांची मर्यादा घातली. महाराष्ट्राच्या कायद्यात अशी मर्यादा नव्हती. व्यवसाय कर मात्र पगारपत्रकावर राहिला: महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. ज्यांच्या पगारातून तो कापला जातो त्यांच्यापैकी किती जणांना माहीत असेल, की या रकान्याचा उगम खडीच्या ढिगात आहे?