रिव्हॉल्व्हर नवे, म्हणून निर्दोषच असे नाही!

शस्त्र परवाना हाती पडेपर्यंत अर्जदाराची पुरती दमछाक झालेली असते. त्यामुळे दुकानातून रिव्हॉल्व्हर ताब्यात घेताना त्यावरचा क्रमांक परवान्यात बरोबर नोंदला गेला की नाही, एवढेच बहुधा पाहिले जाते. शस्त्र कारखान्यातून नवे कोरे आले आहे, तेव्हा त्यात खोट कशी असेल, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात रिव्हॉल्व्हर हे अनेक लहान भागांच्या अचूक मेळावर चालणारे यंत्र असून त्यातील अंतरे मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या हिश्श्यात मोजावी लागतात. पहिली गोळी झाडण्यापूर्वी केलेली पंधरा मिनिटांची तपासणी पुढचा मनस्ताप आणि प्रसंगी इजाही टाळू शकते.

फट हवीच, पण किती?

कोणत्याही फिरत्या यंत्रात भागाभागांमध्ये थोडी मोकळीक ठेवावीच लागते. शिवाय हजारो भाग घडवताना प्रत्येक भाग तंतोतंत एकाच मापाचा होणे शक्य नसते. म्हणून कारखाना मापात कमी-अधिक होण्याची मर्यादित मुभा देतो. यालाच टॉलरन्स म्हणतात. तेव्हा शस्त्रात हालचाल आहे का, हा ग्राहकाचा प्रश्न नसावा. ती मुभेच्या आत आहे का आणि सिलिंडरमधील प्रत्येक घरात सारखीच आहे का, हे पाहणे महत्त्वाचे होय.

प्रूफचा शिक्का काय सांगतो?

नळीची ताकद तपासण्याची प्रथा जुनी आहे. लंडनमधील बंदूक कारागिरांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचे प्रूफ हाऊस १८१३ मध्ये ब्रिटिश संसदेच्या कायद्याने स्थापन झाले. या चाचणीत नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस झाडून शस्त्र ते सोसते का, हे पाहतात आणि मग शिक्का मारतात. मात्र या शिक्क्याचा अर्थ शस्त्र फुटणार नाही इतकाच आहे. सिलिंडर वेळेवर थांबतो का, घोडा नीट टिकतो का, याची हमी त्यात नसते. ती तपासणी स्वतंत्रपणेच करावी लागते.

नळी व सिलिंडर यांमधील फट

तपासणीपूर्वी सिलिंडर उघडून सर्व घरे रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटानेही करावी. नळीचे तोंड कोणाकडेही वळलेले नसावे. मोटारसायकलचे टॅपेट लावताना गॅरेजमध्ये वापरतात, तेच पातळ पात्यांचे फीलर गेज येथे उपयोगी पडते. सिलिंडर मागे दाबून धरावा आणि नळीचे मागचे टोक व सिलिंडरचा पुढचा पृष्ठभाग यांमध्ये पाते सरकवून पाहावे. साधारणपणे ०.१० ते ०.२० मिलिमीटर फट चांगली समजली जाते. ०.२५ मिलिमीटरच्या पुढे गेल्यास विक्रेत्याकडे खुलासा मागावा. हे माप प्रत्येक घरासमोर घ्यावे. एका घरासमोर अधिक आणि दुसऱ्यासमोर कमी भरल्यास सिलिंडरचा पृष्ठभाग काटकोनात कापलेला नाही, असे समजावे.

फट मोठी असेल तर तप्त वायू बाजूने निसटतो आणि गोळीचा वेग घटतो. फट जवळपास नसेलच, तर दोन-तीन फैरींनंतर काजळी साचून व धातू तापून सिलिंडर अडकतो. गोळीबाराच्या वेळी ही फट बंद करण्याचा प्रयत्न १८९५ च्या रशियन नागांत रिव्हॉल्व्हरमध्ये झाला. त्यात घोडा ओढताच सिलिंडर पुढे सरकून नळीला भिडतो. परंतु त्यापायी त्याचा चाप फारच जड झाला. म्हणून बहुतेक निर्मात्यांनी थोडी फट सोडणेच पसंत केले. फट कितीही योग्य असली, तरी झाडताना बोटे तिच्या बाजूला कधीच ठेवू नयेत.

फीलर गेजनेच सिलिंडरची मागे-पुढे होणारी हालचालही कळते. सिलिंडर मागे दाबून आणि पुढे दाबून अशी दोन मापे घ्यावीत. दोन्हींतील फरक ०.०८ मिलिमीटरहून अधिक असू नये.

वेळेचा मेळ

ही तपासणी सर्वांत महत्त्वाची आहे. घोडा अंगठ्याने अगदी सावकाश मागे ओढावा आणि दुसऱ्या हाताचे बोट सिलिंडरवर हलकेच टेकवून त्याला किंचित अडथळा द्यावा. घोडा पूर्ण मागे जाऊन अडकण्यापूर्वी किंवा अडकताक्षणी सिलिंडरचा खटका खाचेत बसला पाहिजे. घोडा अडकला, पण सिलिंडर अजून मोकळा फिरतो आहे, असे एका जरी घराबाबत आढळले तरी शस्त्र परत करावे. अशा स्थितीत घर व नळी एका रेषेत नसतात. गोळी नळीच्या काठाला घासते आणि शिशाचे कण फटीतून बाजूला उडतात. केवळ चाप दाबून झाडण्याच्या पद्धतीतही हीच परीक्षा सावकाश करावी.

चाप दाबून धरलेला असताना सिलिंडर डावी-उजवीकडे किंचित हलतो. त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. नळीचे मागचे तोंड नरसाळ्यासारखे पसरट असते, त्यामुळे गोळी रेषेत येते. जुन्या कोल्ट रिव्हॉल्व्हरांत चाप दाबताच सिलिंडर घट्ट जखडला जाई. स्मिथ अँड वेसनच्या रचनेत थोडी हालचाल राहते. दोन्हींना एकच फूटपट्टी लावणे चुकीचे ठरेल.

घोडा आणि चाप

घोडा मागे अडकवून, चापाला हात न लावता, अंगठ्याने घोड्याला मागून पुढे बेताचा दाब द्यावा. तो निसटल्यास शस्त्र धोकादायक आहे. यावर तडजोड नको.

आपल्याकडील रचना

कानपूरच्या शस्त्रनिर्माणीतील पॉइंट ३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश वेब्लीच्या धर्तीचे, म्हणजे नळी पुढे वाकवून उघडणारे आहे. स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून २०१४ मध्ये आणलेले हलके ‘निर्भीक’ही याच बोअरचे. या रचनेत एक जादा तपासणी करावी. शस्त्र बंद करून मूठ एका हाताने धरावी आणि नळी वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून पाहावी. वरचा खटका किंवा खालचा सांधा यांत खडखडाट जाणवू नये. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड १ ऑक्टोबर २०२१ रोजी बरखास्त होऊन त्याच्या कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यामुळे तक्रार करताना बिलावरील उत्पादकाचे नाव पाहून घ्यावे.

काय चालेल, काय नाही?

चाप थोडा जड असणे, आतल्या भागांवर हत्यारांच्या खुणा दिसणे, सिलिंडरची किंचित हालचाल या बाबी चालण्यासारख्या आहेत. वापराने चाप सुधारतोही. उशिरा थांबणारा सिलिंडर मात्र वापराने सुधारत नाही. त्याला फिरवणारा भाग झिजत जाऊन दोष वाढतच जातो. ‘चार फैरी झाडा, आपोआप बसेल,’ हा दुकानातील सल्ला अशा वेळी ऐकू नये.

दोष आढळल्यास ओळखीच्या कारागिराकडून कानस मारून घेण्याचा मोह टाळावा. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्रांची दुरुस्ती आणि चाचणी करण्याचा धंदाही परवान्याविना करता येत नाही. दोषाची लेखी नोंद करून शस्त्र विक्रेत्यामार्फत उत्पादकाकडे पाठवावे आणि पावती जपून ठेवावी. घरच्या गच्चीवर किंवा शेतात चाचणी घेण्याऐवजी पहिल्या फैरी अधिकृत रेंजवर, जाणकाराच्या देखरेखीखालीच झाडाव्यात.