मुंबईची फियाट आणि मद्रासची हेराल्ड

आपल्या मंडळात आरतीनंतर प्रसाद घेता घेता एक वाद दरवर्षी निघतो: गाडी फियाट चांगली की हेराल्ड? मुंबई पाहिलेले आपले लोक फियाटच्या बाजूने, तर रेल्वेतले तमिळ सहकारी हेराल्डच्या. माझे मामा कुर्ल्याचे, त्यामुळे मी अर्थातच फियाटवाला. पण गेल्या वर्षी आमच्या घरमालकांनी शेडमधल्या हेराल्डवरची ताडपत्री काढली आणि माझा पक्ष जरा डळमळला.

दोन्ही गाड्या मूळच्या परदेशी. फियाट ११०० इटलीत १९५३ साली आली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्यात बनवली. १९७४ पासून ती ‘पद्मिनी’ झाली. ट्रायम्फ हेराल्ड १९५९ ची, इंग्लंडची. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ती १९६१ पासून काढली. गंमत म्हणजे तिचे रूपही मिकेलोत्ती या इटालियन माणसानेच रेखाटलेले!

घरमालकांनी बॉनेट पुढच्या बाजूला उलटवले, तशी दोन्ही मडगार्डेही त्याबरोबर उठली. इंजिन, पुढची चाके, स्टिअरिंग सारे मोकळे. मेकॅनिकला याहून काय हवे? खाली वाकून पाहिले तर मात्र वेगळी चॅसी! फियाट सहा वर्षांनी जुनी, तरी तिची बॉडीच सगळा भार पेलते. पेरंबूरला १९५५ पासून बनलेले आपले डबे याच तत्त्वाचे. जुने लाकडी डबे अंडरफ्रेमवर बसवलेले असत. मग इंग्रज मागे का गेले? त्यांना बॉडी पुरवणारा कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्धी कंपनीने विकत घेतला. तेव्हा ठिकठिकाणी सुटे भाग करून घ्यायचे आणि चॅसीवर बोल्टने आवळायचे, हाच मार्ग उरला.

हेराल्डचे खरे दुखणे मागच्या चाकांत. तिथल्या स्विंग अ‍ॅक्सलमुळे चाक वरखाली झाले की त्याचा कलही बदलतो. आपल्याकडे घरची सगळी माणसे आणि वर केळीचा घड, म्हणजे चाके फाकलीच! १९७२ च्या गॅझेलमध्ये कंपनीने सरळ अखंड अ‍ॅक्सल बसवला; फियाटला तो पहिल्यापासून होता. पण गॅझेल पाचेक वर्षेच निघाली. पद्मिनी मुंबईत टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावली.

हे सारे मी घरमालकांना उत्साहाने ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “सार, तुमची फियाट आपल्या गल्लीत एका दमात वळवून दाखवा.”

हेराल्ड पंचवीस फुटांत वळते. मी ताडपत्रीचे दुसरे टोक धरले.