जुनं गाव की नवं?

परवा नातीने संगणकावर आमच्या जमिनीचा सातबारा काढून दिला. गट नंबर टाकला, थोडे पैसे भरले आणि डिजिटल सहीचा उतारा हातात! एके काळी याच कागदासाठी तलाठ्याकडे चार-चार खेपा व्हायच्या. कौतुक वाटलं. पण मन गेलं ते शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टराकडे.

आमच्या शाळेत कोयनेच्या धरणग्रस्तांची मुलं यायची. 'गाव' हा रकाना आला की एखादा पोरगा विचारी, "गुरुजी, जुनं लिहायचं की नवं?" रकाना एकच होता. मी नवं लिही.

सरकारी कायद्याचंही तेच झालं. १८९४च्या भूसंपादन कायद्यात जमिनीच्या मोबदल्याची तरतूद होती, माणसांच्या पुनर्वसनाची नव्हती. त्याच काळात, १९२१ साली, सेनापती बापटांसह मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालंच. स्वातंत्र्यानंतर कोयनेचं धरण बांधलं तेव्हाही कायदा तोच होता. महाराष्ट्राने १९७६ साली पुनर्वसनाचा वेगळा कायदा केला, पण १८९४चा केंद्रीय कायदा जायला २०१३ साल उजाडावं लागलं. नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला.

या कायद्यात दोन गोष्टी मला मोलाच्या वाटतात. संपादनाची सूचना राजपत्र, वर्तमानपत्रं आणि ग्रामपंचायत यांच्याबरोबरच सरकारच्या संकेतस्थळावरही टाकावी लागते, आणि सूचना निघाल्यावर दोन महिन्यांत जमिनीच्या नोंदी अद्ययावत कराव्या लागतात. दुसरी गोष्ट म्हणजे, तीन वर्षं त्याच जमिनीवर पोट असलेले कूळ, शेतमजूर, कारागीर हेही बाधित धरले जातात. विधवा आणि परित्यक्ता यांचं कुटुंब स्वतंत्र मोजलं जातं.

खरी मेख इथेच आहे. संगणक सातबारा दाखवतो, पण मजुराला सातबारा असतो कुठे? वारस नोंद राहून गेली असेल तर वारलेले आजोबाच पडद्यावर मालक म्हणून दिसत राहतात, आणि बहिणीचं नाव नसतंच. उपग्रहाच्या चित्रात शेत दिसतं, त्यात कोण राबलं ते दिसत नाही. चुकीची नोंद यंत्रात घातली की ती फक्त लवकर छापून येते, एवढंच!

म्हणून मला वाटतं, जमिनीच्या नोंदींसाठी जेवढी यंत्रं राबवली तेवढीच माणसांच्या यादीसाठी राबवावीत. यादी घरोघर फिरून करावी, ग्रामसभेत मोठ्याने वाचावी, हरकती ऐकून दुरुस्त करावी, मग संकेतस्थळावर ठेवावी. आणि ती तिथेच संपू नये. कोणाला कुठे जमीन मिळाली, पाणी आलं का, हे पुढची वीस वर्षं त्याच यादीत लिहिलं जावं.

असो. त्या पोराला मी "दोन्ही लिही" म्हणायला हवं होतं. कागदावर जागा नव्हती, हे खरं. संगणकाला मात्र रकान्यांची काय कमी?