कुष्ठरोग : गोळ्या चालू असताना गाठी का उठतात?

कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू आहेत आणि अचानक ताप भरून अंगावर लाल, दुखऱ्या गाठी उठल्या, तर 'औषध बाधलं' असंच तुम्हाला वाटेल. डॉक्टरांनाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

१९४१ मध्ये अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरुग्णालयात डॉ. गाय फॅजे यांनी प्रोमिन शिरेतून द्यायला सुरुवात केली. कुष्ठरोगावर खऱ्या अर्थाने लागू पडलेलं हे पहिलं औषध. त्याच कुळातली डॅप्सोनची गोळी पुढे सगळीकडे पोचली. पण गाठी उठल्या की डोस कमी करायचा किंवा बंद करायचा, अशी रीत पडली. त्यामुळे जंतूंचंच फावलं. १९६४ मध्ये तर डॅप्सोनला न जुमानणारे जंतू असल्याचं मलेशियात सिद्ध झालं.

खरं तर या गाठी, म्हणजे 'रिअॅक्शन', ही तुमच्याच प्रतिकारशक्तीची करामत. मेलेल्या जंतूंचे अवशेष शरीरात महिनोन्‌महिने राहतात आणि प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. (उपचाराआधी किंवा उपचार संपल्यावरही हे घडू शकतं.) दुसऱ्या प्रकारात जुने चट्टेच लाल होऊन सुजतात. दोन्हींत नसांना सूज येऊ शकते. हात-पाय लुळे पडण्याचा धोका असतो तो यामुळे, आणि म्हणून थांबायला वेळ नसतो.

त्याच १९६४ साली जेरुसलेममध्ये डॉ. जेकब शेस्किन यांच्याकडे असाच एक रुग्ण होता. वेदनांनी झोप नाही. त्यांनी झोपेसाठी थॅलिडोमाइड दिलं. हेच ते औषध, ज्यामुळे हजारो बाळं हातापायांत व्यंग घेऊन जन्मली आणि १९६१ मध्ये जे जर्मनीच्या बाजारातून काढून घेतलं गेलं! रुग्ण झोपला, आणि थोड्याच दिवसांत गाठीही ओसरल्या. १९९८ मध्ये अमेरिकेने याच त्रासासाठी त्याला कडक अटींवर परवानगी दिली. गर्भवतीला मात्र ते कधीच द्यायचं नाही.

आज नसा वाचवण्यासाठी डॉक्टर प्रेडनिसोलोन देतात, तेही लवकरात लवकर. एमडीटीचं पाकीट मात्र चालूच ठेवायचं असतं. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी सुचवलेल्या या उपचारात क्लोफाझिमिन आहे. त्याने कातडी काळपट पडते, म्हणून अनेकांना ते नकोसं होतं. पण जंतूंना आवरता आवरता गाठींची ही रिअॅक्शन कमी करण्याचं कामही तेच करतं.