जुन्या संगणकाला नवा पडदा : भोक न पाडता

पोलादपुरात इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की उमरठ आणि तानाजी मालुसरे आठवतात, आणि ते बरोबरच आहे. आज मात्र आम्ही जेमतेम चाळीस वर्षांमागे जाणार आहोत. टेबलावर ठेवलंय ते यंत्र म्हणजे बीबीसी मायक्रो. ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीने ते १९८१ साली आणलं. मेमरी ३२ केबी. सकाळी तुमच्या मोबाइलवर येतो तो 'शुभ सकाळ'चा फोटोसुद्धा याच्यात मावायचा नाही.

हे आपल्याकडे कसं आलं? १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. पहिल्या फेरीत देशभरातल्या सुमारे २५० शाळा होत्या आणि त्यांना हेच यंत्र मिळालं. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने ते 'युनिकॉर्न' या नावानेही काढलं. म्हणजे एका अख्ख्या पिढीने पहिली आज्ञा टाइप केली ती अशा कीबोर्डवर. त्यातली किती यंत्रं भंगारात गेली, कोण सांगणार? आपल्याकडच्या पावसात लोखंड टिकत नाही, आणि २०२१ च्या जुलैत महाडच्या घराघरांत पाणी शिरलं तेव्हा कपाटंच्या कपाटं गेली.

आता मुद्दा पडद्याचा. ही यंत्रं टीव्हीच्या मापाने घडलेली आहेत. मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं, रंग आला १९८२ ला, आशियाई खेळांच्या वर्षी. त्या टीव्हीचं चित्र ६२५ रेषांचं, आणि दोन हप्त्यांत येणारं : आधी एकाआड एक रेषा, मग राहिलेल्या. ब्रिटनमध्येही तेच माप. आजच्या टीव्हीला हवं असतं एचडीएमआय. मग लोक काय करतात? पेटी उघडतात आणि कापाकापी सुरू करतात.

आम्हीही केलीय, लपवत नाही. आमच्याकडे एक स्पेक्ट्रम होता. चित्र टीव्हीच्या चॅनलवर चढवणारी जी पत्र्याची डबी आत असते, ती उघडली, रेझिस्टर तोडला, आणि मागच्या बाजूला ड्रिलने भोक पाडून नवा सॉकेट बसवला. चित्र आलं, टाळ्या झाल्या. पण सोल्डर करताना बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडली ती उखडलीच. मूळ यंत्र कसं होतं हे आता त्या यंत्राकडे बघून कळत नाही. जुन्या ताम्रपटावर पेनाने खाडाखोड करावी, तसलं काम झालं ते.

बीबीसी मायक्रोचं नशीब बरं, की त्याच्या पाठीवर आधीच तीन वाटा आहेत. एक टीव्हीच्या एरियलची. दुसरी साध्या व्हिडिओची. तिथे चित्र कृष्णधवल येतं, आणि आतला एस३९ नावाचा जोड सोल्डर केला तर रंग येतो. आम्ही तो केलेला नाही. कारण तिसरी वाट आहे : सहा पिनांचा गोल सॉकेट. त्यावर लाल, हिरवा, निळा असे रंग वेगवेगळे बाहेर पडतात. त्यात बसते ही छोटी पट्टी, वर रास्पबेरी पाय झीरो. हौशी लोकांनी मिळून बनवलेली आहे आणि तिचा आराखडा सगळ्यांना खुला आहे. पाच व्होल्टही त्याच सॉकेटमधून घेते. उपसली की यंत्र जसंच्या तसं. एक स्क्रूसुद्धा फिरवलेला नाही.

बाजारात दोन-चारशे रुपयांचा व्हिडिओचा डबाही मिळतो. तो का नको, ते डोळ्यांनी बघा. या यंत्रात ८ गुणिले ८ ठिपक्यांत आपलं अक्षर काढता येतं, व्हीडीयू २३ अशी आज्ञा आहे. आम्ही 'पोलादपूर' काढलं. शिरोरेषा फक्त एका ओळीची. स्वस्त डब्यातून बघितलं तर ती वरखाली थरथरते, कारण डबा दोन हप्ते आपल्या मनाने सांधायला जातो. या पट्टीवर ती स्थिर राहते, कारण पट्टी यंत्राच्याच तालाने एकेक ठिपका उचलते, सेकंदाला १ कोटी ६० लाखांपर्यंत. शिरोरेषाच हलली तर वाचायचं काय?

हं, आणि एक गोष्ट पडद्याच्याही आधीची. माळ्यावर असं यंत्र सापडलं तर हौसेने लगेच प्लग लावू नका. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये रिफा नावाचे कपॅसिटर असतात. वयाने त्यांच्या कवचाला बारीक चिरा जातात, हवेतला ओलावा आत शिरतो, आणि कोकणात ओलाव्याला काय तोटा! वीज दिली की मिनिटाभरात फटकन धूर, आणि असा वास की खोलीत थांबवत नाही. ते जाणकार कारागिराकडून बदलून घ्या. जुने काढलेले मात्र टाकू नका, कागदाच्या पाकिटात तारीख लिहून पेटीसोबत ठेवा. आम्ही ठेवलेत.

चला, आता मागचे दिवे घालवा. बटण दाबतो. दोन सुरांचं 'बूऽ-बीप' ऐकू येईल, मग पडद्याकडे बघा. प्रश्न त्यानंतर घेऊ.